न वापरलेल्या औषधाची किंमत

एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतील अकेओजेन या औषधकंपनीने दिवाळे जाहीर केले. दिवाळे निघणे ही व्यापारात अघटित गोष्ट नव्हे. माल वाईट निघतो, उधारी बुडते, भागीदारांत फूट पडते. येथे यातले काहीच घडले नव्हते. कंपनीने अनेक वर्षे खपून प्लाझोमायसिन नावाचे नवे प्रतिजैविक सिद्ध केले होते. मूत्रमार्गाच्या ज्या गंभीर संसर्गावर जुनी औषधे चालेनाशी झाली होती, त्यावर ते चालत होते. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्याला मान्यताही दिली होती. मान्यतेनंतर दहा महिन्यांत कंपनी संपली. माल उत्तम होता, गरज खरी होती, पण गिऱ्हाईक नव्हते.

गिऱ्हाईक नव्हते याला कारण होते. नवे, प्रभावी प्रतिजैविक हाती आले की जाणते डॉक्टर ते लगेच वापरत नाहीत, राखून ठेवतात. जिवाणूंच्या असंख्य पिढ्यांत एखादा जिवाणू असा निपजतो की ज्याच्यावर औषधाचा परिणाम होत नाही. औषधाने बाकीचे मरतात, हा उरतो आणि वाढतो. औषध जितके जास्त वापरावे तितकी अशा जिवाणूंची निवड जलद होते. म्हणून शेवटचे अस्त्र शेवटीच काढावे, हा वैद्यकाचा विवेक. परंतु जो माल जितका खपेल तितका निकामी होत जाईल, आणि जो विक्रेता प्रामाणिकपणे कमी विकेल तोच बुडेल, अशा मालाचा धंदा कोणी करावा?

हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच अर्थव्यवहाराचाही आहे. तो प्रयोगशाळेतून उचलून राज्यकर्त्यांच्या आणि अर्थमंत्र्यांच्या मेजावर नेऊन ठेवण्याचे काम ज्या थोड्या लोकांनी केले, त्यांत इंग्लंडच्या माजी मुख्य वैद्यकीय अधिकारी डेम सॅली डेव्हिस यांचे नाव आधी घ्यावे लागते.

डेव्हिस यांचा जन्म १९४९ मध्ये बर्मिंगहॅम येथे झाला. वडील धर्मशास्त्राचे प्राध्यापक, आई वैज्ञानिक. मँचेस्टर येथे त्यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले, पण रुग्णालयातील उमेदवारीची वर्षे त्यांना इतकी कठोर वाटली की त्या काही काळ वैद्यकापासून दूरच गेल्या आणि परराष्ट्र सेवेतील पतीसमवेत माद्रिदला राहिल्या. आयुष्यभर एकाच ध्येयाने झपाटलेल्या माणसाची ही कहाणी नाही. त्या परतल्या, रक्तविकारांचा अभ्यास त्यांनी निवडला आणि १९८५ पासून लंडनच्या सेंट्रल मिडलसेक्स रुग्णालयात तज्ज्ञ म्हणून काम सुरू केले. तेथे आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाची वस्ती मोठी, त्यामुळे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार या भागांत आढळणारा आजार तोच.

या आजारात लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. वेदना तर असह्य असतातच, पण लहान मुलांना खरा धोका वेगळाच असतो. त्यांची प्लीहा कोवळ्या वयात निकामी होते, आणि एरवी शरीर सहज परतवून लावते असा न्यूमोकोकसचा संसर्ग अशा मुलाला काही तासांत नेऊ शकतो. यावर उपाय साधा आहे : रोज पेनिसिलीनची ठरावीक मात्रा. १९८० च्या दशकात हा उपाय अभ्यासांनी सिद्ध झाला आणि मुले वाचू लागली. ज्या डॉक्टराने वर्षानुवर्षे स्वस्त गोळीवर जगणारी मुले पाहिली आहेत, त्याला ती गोळी चालेनाशी झाली तर काय होईल हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पुढे त्या प्रशासनात गेल्या. २००४ पासून आरोग्य खात्याच्या संशोधन विभागाच्या प्रमुख झाल्या आणि २००६ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेची उभारणी त्यांच्याच पुढाकाराने झाली. २०१० मध्ये त्यांच्याकडे इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद आधी हंगामी आणि पुढच्या वर्षी कायम म्हणून आले. या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. सरकारला आरोग्याविषयी निर्भीडपणे सल्ला देणे आणि दरवर्षी अहवाल मांडणे हे त्या पदाचे काम. असे अहवाल बहुधा कपाटात जातात. मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला डेव्हिस यांचा अहवाल मात्र कपाटात गेला नाही. त्याचा विषय होता संसर्गजन्य रोग आणि औषधांना न जुमानणारे जिवाणू.

विषय नवा नव्हता. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलीनचा शोध लागला आणि १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना त्यांनी स्वतःच इशारा देऊन ठेवला. त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाचे उदाहरण दिले. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलीन विकत घेतो आणि अपुरे घेतो. जिवाणू मरत नाहीत, शिकून जातात. तोच संसर्ग पत्नीला होतो, तिच्यावर पेनिसिलीन चालत नाही आणि ती दगावते. दोष कोणाचा, असे फ्लेमिंग यांनी विचारले होते. औषध सर्वांच्या हाती पोचण्यापूर्वीच त्याचा जनक सावध करतो आणि पुढील ६० ते ७० वर्षे जग त्याकडे पाठ फिरवते. वैद्यकाच्या इतिहासात याहून मोठा हलगर्जीपणा शोधावा लागेल.

डेव्हिस यांनी केले ते इतकेच की इशाऱ्याची भाषा बदलली. हा धोका देशाच्या राष्ट्रीय जोखीम यादीत, दहशतवाद आणि महापूर यांच्या शेजारी नोंदवावा, अशी मागणी त्यांनी केली. काही दशकांनी नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतरही माणसे साध्या संसर्गाने मरू लागतील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आजचे बहुतेक वैद्यक प्रतिजैविकांच्या पायावर उभे आहे, हे सामान्य माणसाच्या ध्यानात नसते. सिझेरियन, गुडघ्याचा सांधा बदलणे, कर्करोगावरील रसायनोपचार, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची शुश्रूषा, या सर्वांत संसर्ग आवरता येईल हे गृहीत धरलेले असते. ते गृहीत ढासळले की शल्यचिकित्सकाचे कौशल्य असून नसल्यासारखे.

तरीही आरोग्यमंत्र्यांना पटवून भागणार नव्हते, कारण तिजोरीच्या किल्ल्या त्यांच्याकडे नसतात. जुलै २०१४ मध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी या प्रश्नावर एक समीक्षा नेमली, आणि तिचे नेतृत्व डॉक्टराकडे न देता जिम ओ'नील या अर्थतज्ज्ञाकडे दिले. ब्राझील, रशिया, भारत आणि चीन यांना 'ब्रिक' हे एकत्रित नाव देणारे ते हेच. त्यांच्या गटाने प्रश्नाचा जमाखर्च मांडला. काहीच केले नाही तर २०५० पर्यंत दरवर्षी १ कोटी माणसे मरू शकतील आणि जगाचे एकूण १०० लाख कोटी डॉलरचे उत्पन्न बुडू शकेल, असा तो हिशेब होता. या आकड्यांवर आक्षेपही आले, आणि ते गैर नव्हते. त्यात क्षय, हिवताप आणि एचआयव्ही धरलेले होते, शिवाय ते भविष्याचे चित्र होते, मोजदाद नव्हती. मोजदाद पुढे झाली. जानेवारी २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासानुसार एकट्या २०१९ या वर्षात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधप्रतिरोधक जिवाणूंमुळे झाले, आणि ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी त्यांचा संबंध होता. मोठ्या आकड्याने जगाला जागे केले आणि काटेकोर आकड्याने ती जाग वायफळ नव्हती हे दाखवले.

राज्यकर्त्यांपर्यंत पोचणे हा एक भाग झाला. दुसरा भाग गल्लीतल्या दवाखान्याचा. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते, त्यावर प्रतिजैविकाचा काडीमात्र उपयोग नाही, हे डॉक्टरला ठाऊक असते. तरी रुग्ण रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून गोळी लिहिली जाते. २०१४ च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये एक प्रयोग झाला. आपापल्या भागात सर्वाधिक प्रतिजैविके लिहून देणारे वरच्या २० टक्क्यांतील दवाखाने निवडण्यात आले आणि त्यांपैकी निम्म्यांच्या डॉक्टरांना डेव्हिस यांच्या सहीचे एक पत्र गेले. पत्रात ना दंडाची धमकी होती, ना शास्त्रार्थ. तुमच्या परिसरातील ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी प्रतिजैविके लिहितात, एवढीच वस्तुस्थिती होती. जोडीला काही साध्या सूचना होत्या. घरी कोणती काळजी घ्यावी ते रुग्णाला सांगा. चिठ्ठी दिलीच तर 'बरे वाटले नाही तरच दोन-तीन दिवसांनी औषध घ्या' असे बजावून द्या. दवाखान्यातील सहकाऱ्यांशी या विषयावर बोला.

सहा महिन्यांत पत्र मिळालेल्या दवाखान्यांतील प्रतिजैविकांचे प्रमाण पत्र न मिळालेल्यांपेक्षा ३.३ टक्क्यांनी कमी भरले. आकडा किरकोळ वाटतो, पण त्याचा अर्थ सुमारे ७३ हजार औषधचिठ्ठ्या वाचल्या असा होता, आणि खर्च टपाल आणि कागदाचा, अवघा काही हजार पौंड. प्रयोगाचा दुसरा भागही बोधक आहे. काही दवाखान्यांत रुग्णांसाठी भित्तिपत्रके आणि पत्रके ठेवली होती, त्यांनी काहीच फरक पडला नाही. लिहिणाऱ्याला त्याच्या बरोबरीच्यांत आपण कुठे आहोत हे कळले, तेवढ्याने हात आखडला. बाजारात ज्यांची पत शेजारच्या पेढ्यांच्या मताने ठरते त्यांना हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

डॉक्टरांच्या सवयीचा हा प्रश्न इंग्लंडपुरता नाही. मुंबईतील क्षयरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धारावीतील १०६ खासगी डॉक्टरांना क्षयासाठी औषधचिठ्ठी लिहायला सांगितले होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १०६ जणांनी ६३ निरनिराळे औषधक्रम लिहिले, आणि बरोबर लिहिणारे केवळ ६ निघाले. पुढच्याच वर्षी उदवाडिया यांनी जवळजवळ कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण मुंबईत आढळल्याचे जगासमोर मांडले. भारतात १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू झाले. त्यातील औषधे, ज्यांत अनेक वरच्या श्रेणीची प्रतिजैविके आणि क्षयाची औषधे येतात, विकताना औषधविक्रेत्याने चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव स्वतंत्र वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या घरांना ही वही परिचयाची आहे. ती नीट लिहिली जाते का, हे त्या त्या गल्ल्यावर बसणाराच जाणे.

प्रतिजैविकांचा मोठा वाटा माणसांच्या पोटात जातच नाही. कोंबड्या, डुकरे, गुरे यांना आजार नसतानाही ती खाद्यातून दिली जातात, कारण जनावरे लवकर वजन धरतात. त्यांच्या आतड्यांत घडलेले प्रतिरोधक जिवाणू शेणामुतातून मातीत, पाण्यात, भाजीपाल्यावर येतात. म्हणजे ज्या घरात मांसाचा स्पर्शही नाही त्या घरालाही हा प्रश्न वगळत नाही. ब्रिटनमध्ये पशुपालनातील प्रतिजैविकांची विक्री २०१४ नंतर काही वर्षांतच निम्म्याहून खाली आली. भारतानेही जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिनचा पशुपालनातील वापर बंद केला. माणसांसाठी ते शेवटच्या फळीतले औषध आहे, हे ध्यानात घेता तो निर्णय बराच आधी व्हायला हवा होता.

आता मूळ व्यापारी प्रश्नाकडे. कमी खपावा असा माल बनवणाऱ्याला जगवायचे कसे? ओ'नील समीक्षेने अशा औषधासाठी एकरकमी मोठे बक्षीस सुचवले होते. इंग्लंडने पुढे वेगळी वाट धरली, वार्षिक वर्गणीची. विहिरीला पाणी किती काढले त्यावर नव्हे, तर विहीर भरलेली ठेवल्याबद्दल मोबदला द्यावा, तसा हा प्रकार आहे. सरकारी आरोग्यसेवा कंपनीला दरवर्षी ठरलेली रक्कम देते. औषध दहा रुग्णांना लागो की हजारांना, रक्कम तीच. मग कंपनीला विक्री वाढवण्याचे प्रलोभन उरत नाही आणि डॉक्टरला ते राखून ठेवण्यात संकोच वाटत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात दोन औषधांवर ही योजना लागू झाली. जपानच्या शिओनोगी कंपनीचे सेफिडेरोकॉल आणि फायझरचे सेफ्टाझिडीम-ॲव्हिबॅक्टम. प्रत्येकी वर्षाला कमाल १ कोटी पौंड, आणि करार दहा वर्षांपर्यंत वाढवता येईल असा.

ही रक्कम भरपूर आहे का? एका प्रतिजैविकाचा शोध, चाचण्या आणि उत्पादन यांचा खर्च शेकडो कोटींत जातो, तो एकटे इंग्लंड भरून देऊ शकत नाही. इतर श्रीमंत देशांनीही आपल्या लोकसंख्येच्या मानाने वाटा उचलावा, तरच हिशेब जुळतो. अमेरिकेत अशाच योजनेचे विधेयक २०२० पासून पुनःपुन्हा मांडले गेले आणि पुनःपुन्हा अडले. आगीचा बंब आग लागण्यापूर्वी विकत घेण्याची बुद्धी नगरपालिकेला असते. हीच बुद्धी देशोदेशीच्या कायदेमंडळांना होत नाही, याचे आश्चर्य वाटते.

डेव्हिस यांनी २०१९ मध्ये मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद सोडले आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या प्रमुख झाल्या. १५४६ मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या इतिहासात त्या जागी बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. औषधप्रतिरोधाचे काम सुटले नाही, ब्रिटन सरकारच्या विशेष दूत म्हणून ते चालूच राहिले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ते काम त्यांच्या घरात आले. त्यांची मानसकन्या, वय अवघे ३८, सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराने त्रस्त होती. दोनदा तिचे फुप्फुसांचे प्रत्यारोपण झाले होते. वैद्यकाने तिला जे जे देता येईल ते दिले. अखेर औषधांना दाद न देणाऱ्या मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस या जिवाणूने तिचा घास घेतला. आपल्या आजाराचा वृत्तान्त लोकांना सांगून त्यांना सावध करावे, अशी तिचीच इच्छा होती. ज्या धोक्याविषयी डेव्हिस दहा वर्षे सभा-संमेलनांतून आकडे मांडत होत्या, त्याविषयी बोलताना त्या यानंतर तिची हकिकतही सांगू लागल्या.

सप्टेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या प्रश्नावर १९३ देशांनी घोषणापत्र स्वीकारले होते, त्यामागे डेव्हिस यांची खटपट मोठी होती. त्यात बांधून घेणारे उद्दिष्ट नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रे पुन्हा जमली तेव्हा एक आकडा ठरला : २०१९ च्या तुलनेत प्रतिरोधक जिवाणूंशी निगडित मृत्यू २०३० पर्यंत १० टक्क्यांनी घटवायचे. त्याच महिन्यात 'लॅन्सेट'मध्ये नवा अंदाज आला. आहे असेच चालले तर २०२५ ते २०५० या काळात ३ कोटी ९० लाख माणसे थेट या कारणाने मरतील, आणि दक्षिण आशियाचा वाटा त्यात सर्वांत जड असेल. कमी उत्पन्नाच्या देशांत प्रयोगशाळा उभारून प्रतिरोधावर पाळत ठेवण्यासाठी ब्रिटनने फ्लेमिंग यांच्या नावाने निधी सुरू केला होता, सुरुवातीला १९ कोटी ५० लाख पौंडांचा. त्यात भारतही होता. २०२५ मध्ये परदेशी मदतीत काटछाट करताना ब्रिटन सरकारने तो निधी थांबवण्याचे ठरवले. ज्यांच्या देशात तो जन्मला त्यांनीच तो बंद करावा, हे पाहण्याची वेळ डेव्हिस यांच्यावर वयाच्या पंचाहत्तरीत आली.

अकेओजेन बुडाल्यावर तिच्या मालमत्तेचा लिलाव झाला. प्लाझोमायसिनचे चीनखेरीज बाकी जगाचे हक्क मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या अमेरिकी शाखेने घेतले. युरोपात त्या औषधाला मान्यता मिळावी म्हणून अर्ज नियामकांपुढे होता. २०२० मध्ये तो मागे घेण्यात आला. औषधात खोट निघाली नव्हती. युरोपात ते लागणारे रुग्ण थोडे, आणि तेवढ्यांसाठी मान्यतेचा आणि देखरेखीचा खर्च परवडत नाही, असे कारण देण्यात आले.